अकरा जणांचा फोटो

अकरा माणसं काचेवरून घसरली आणि ताटलीत पडली.

आधी तुरे सुटले, मग पागोटी, मग तोंडं. दुधावरची साय बोटानं ओढावी तसा सगळा पापुद्रा काचेवरून निघाला, पाण्यात गोळा झाला आणि तळाशी बसला. चाचांच्या हातात नुसती काच राहिली. खोलीत लाल कंदील होता. त्या उजेडात त्यांनी काच एकदा सुलटी बघितली, एकदा उलटी. मग बाही वर सारून कोपर ताटलीत बुडवलं.

"बेटी," ते म्हणाले, "हे पानी हाय का चहा?"

चूक माझी होती आणि ती मला ताटलीत दिसत होती.

ती अकरा माणसं बाहेर पायरीवर बसली होती. लाल डगले, जरीच्या पट्ट्या, मांडीवर बाजे. त्यांच्यात माझा नवरा होता, तो ढोल वाजवायचा. माझे थोरले दीर होते, ते बँडचे मालक. फोटो कसा आला हे ऐकायला सगळे थांबले होते.

बहात्तरचा दुष्काळ होता. आम्ही पालीचे, बीडपासून चालत येण्याजोगं गाव. आमच्या घरी वाजवणं पिढीजात. आधी हलगी होती, मग सासऱ्यांनी बाजे घेतले. पण दोन वर्षं लग्नंच नव्हती. जी होत ती पाच माणसांत, मूठभर अक्षतांवर उरकत. बँडची सगळी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. त्यात तालुक्यात सहकारी साखर कारखाना निघायचा ठरला. प्यायला पाणी नाही आणि उसाच्या कारखान्याची पायाभरणी. पण ते बोलणारे आम्ही कोण. पायाभरणीला बँड पाहिजे होता, आणि पुढं कारखान्याचा प्रत्येक समारंभ त्याच बँडकडं राहणार होता. सेक्रेटरीनं सांगितलं, अकरा वाजवणारे दिसतील असा फोटो आणा, शनिवारी संचालकांपुढं ठेवतो. आधी एका बँडनं पाच वाजवणारे आणि सहा नुसते डगले आणून त्यांना फसवलं होतं.

थोरल्या दिरांनी घरात सांगून टाकलं होतं, हे काम आलं तर बँड राहील, नाही तर सगळं पितळ तांबटाकडं मोडीत. म्हणून त्या सोमवारी अकराही जणांनी खडीवर खाडा केला आणि बीडला आले. दोन खाडे झाले की मुकादम हजेरीतून नाव कापायचा. एक त्या दिवशी झाला होता.

आणि फोटो ताटलीच्या तळाशी होता.

चाचांचं नाव मी लिहीत नाही. बाजारात त्यांना सगळे फोटोवाले चाचाच म्हणत. उंच, वाळके, दाढी पांढरी, बोटं औषधांनी तपकिरी झालेली. मी त्यांच्याकडं पाणी भरायला होते. फोटोच्या धंद्याला एवढं पाणी लागतं हे लोकांना ठाऊक नसतं. काच धुवायची, कागद धुवायचे, एकदा नाही, सात-सात वेळा. मी बिंदुसरा नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरायची, पाझरेल त्या पाण्यानं वाटीवाटीनं घागर भरायची आणि डोक्यावर आणायची. गावात माझ्या हातचं पाणी न चालणारी पुष्कळ माणसं होती. त्यांचे फोटोही चाचांकडंच निघत. त्यांची तोंडं मीच धुतली.

शहरात तेव्हा रोलचे कॅमेरे आले होते. स्टँडजवळ एका पोरसवदा माणसानं नवं दुकान टाकलं होतं, तो उभ्या उभ्या फोटो काढून द्यायचा. चाचा काचेवर अडून होते. काचा मिळेनाशा झाल्या तरी अडून होते. त्यांच्या लाकडी पेटीत शेवटी दोन काचा राहिल्या होत्या. "पेटीत एक काच हाय तवर दुकान चालू हाय," असं ते म्हणत. ती शेवटची काच ते कोणासाठीच काढायचे नाहीत. घरात पिठाचा डबा खरवडून रिकामा करत नाहीत, तसं ते होतं.

दुकानामागं अंगण होतं आणि भिंतीला रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात हंस, मध्ये कारंजं. त्या वर्षी आख्ख्या जिल्ह्यात भरलेलं तळं तेवढंच होतं. खेड्यातल्या बाया फोटो काढायला आल्या की आधी तळ्याला हात लावून बघत.

चाचा कोणाला कधी हसा म्हणाले नाहीत. माणूस आला की त्याला स्टुलावर बसवायचे, स्वतः पान लावायचे आणि ते चघळून संपेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. माणूस आधी चुळबुळ करी, मग घाम पुशी, मग कंटाळून आपला मूळचा होई. तेव्हा चाचा काळ्या कापडाखाली जात. "चेहरा थंड झाला पायजे," ते म्हणत. "गरम चेहरा काचेवर बसत न्हाई."

एकदा एक पुढारी आला. गळ्यात हार, उजवा हात उंच. पत्रकावर छापायला फोटो पाहिजे होता. चाचांनी पान संपवलं आणि विचारलं, "साहेब, हात वर कावून? पाऊस थांबवताय का? तो थांबल्यालाच हाय." पुढारी रागानं निघून गेला. चार दिवसांनी परत आला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

बाजेवाल्यांसाठी त्यांचा वेगळा नियम होता. खोटं फुंकायचं नाही. बाकीचे फोटोवाले बाजा नुसता तोंडाला लावायला सांगत. चाचा म्हणत, गाल खोटे दिसतात, डोळेही खोटे दिसतात. सगळ्यांनी खरोखर वाजवायचं, आणि ते तीन मोजेपर्यंत एकच सूर धरायचा. त्या सोमवारी आमच्या लोकांनी अंगणात सूर धरला तेव्हा गल्लीतून माणसं धावत आली, लग्न कोणाचं म्हणून विचारायला. दोन वर्षांत कोणी बाजा ऐकला नव्हता.

आता माझी चूक. अंधाऱ्या खोलीत एक रांजण होता, ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला. काच औषधातून काढल्यावर त्यातल्याच पाण्यात धुवायची. पाणी गरम असलं की काचेवरचा थर फुगतो आणि सुटतो. म्हणून चाचा रोज सकाळी त्यात कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या पोराच्या अंघोळीला बघतात तसं. त्या रांजणाचं पाणी कोणी प्यायचं नाही. घरातल्या चाचींनीसुद्धा नाही. त्या आतून ओरडायच्या, "काचांना पाजा, माणसं मरू द्या."

त्या दिवशी फोटो झाल्यावर चाचा डोकीवरचं कापड न काढता कॅमेऱ्याशी खटपट करत होते. अकरा माणसं वैशाखाच्या उन्हात लोकरी डगल्यात तासभर उभी राहिलेली. सगळ्यात म्हातारा आमचा क्लॅरनेटवाला. मूळचा सिरसाळ्याचा, बायकोला घेऊन पालीत येऊन राहिलेला. त्याच्या ओठांना पांढरी पुटं आली होती. तो मला एवढंच म्हणाला, "सूनबाई, घोटभर हाय का?"

मी रांजणातून तांब्या भरून दिला. त्यानं दोन तांबे घेतले. मग दुसरा आला, मग तिसरा. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही म्हणायचं, हे मला जमलं नाही. रांजणाला तळ लागला. झिरा त्या आठवड्यात आटला होता. बाहेर टँकरचं पाणी भरलेला पत्र्याचा ड्रम उन्हात तापत होता. मी त्यातल्या चार घागरी रांजणात ओतल्या आणि वाळूवर ओलं पोतं टाकलं. वाटलं, थोड्या वेळात निवेल. कोणाला काही बोलले नाही.

चाचांनी कोपर ताटलीतून काढलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काच पुसली, भिंतीला उभी केली आणि बाहेर गेले. मी दाराआडून ऐकत होते. मला वाटलं, आता माझं नाव निघालं की थोरले दीर मला माहेरी पोचवतील.

"फोटो गेला," चाचा म्हणाले. "माझा हात हलला."

थोरले दीर म्हणाले, "तुमचा? हात?"

"म्हातारा झालो. शुक्रवारी परत या."

तीस वर्षांत चाचांचा हात हलला असं कोणी ऐकलं नव्हतं. ते वाक्य संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. चाचांचे हात थरथरतात, असं लोक म्हणायला लागले आणि जे थोडे येत होते तेही स्टँडजवळच्या दुकानात जायला लागले. चाचांनी कधी कोणाचं म्हणणं खोडलं नाही. मीही नाही खोडलं.

बुधवारी दुपारी क्लॅरनेटवाला खडीच्या ढिगावर बसल्या जागी कलंडला. ऊन लागलं म्हणाले. संध्याकाळी त्याला मसणात नेला. त्याचा जन्मात एकच फोटो निघाला होता आणि तो मी गरम पाण्यात घातला होता.

गुरुवारी मी टँकरचं पाणी घेऊन गेले आणि तो गेल्याचं चाचांना सांगितलं. ते स्टुलावर बसले, ज्यावर गिऱ्हाइकं बसायची.

"त्यानं किती पिलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"दोन तांबे."

"अजून द्यायचं व्हतंस," ते म्हणाले आणि पानाचा डबा ओढला. डबा उघडला नाही.

तेवढ्यात खडीवरच्या दुपारच्या सुट्टीत थोरले दीर आणि माझा नवरा आले. थोरले दीर म्हणाले की माणसं दहाच उरली, आता फोटोचा उपयोग नाही, पितळ मोडीत जाईल. चाचांनी शेजारच्या दोन दुकानदारांना डगला घालून उभं राहता का म्हणून विचारलं. एकानं हसून नाही म्हटलं, एकानं न हसता. आमच्या बाजाला तोंड कोण लावणार. मग चाचांनी माझ्याकडं बोट केलं.

"हिला उभी करा."

थोरल्या दिरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांनी माझं कपाळ बघितलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी पदर खाली ओढून, भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. मी विजार घालायची आणि पागोटं बांधायचं म्हणजे काय, हे त्यांनी चाचांना विचारलं. लोक तोंडात शेण घालतील म्हणाले.

"सेक्रेटरी माणसं मोजनार," चाचा म्हणाले. "मिशा मोजत न्हाई."

"अन् तुमीच म्हनता, खोटं चालत न्हाई."

"खोटं फुंकल्यालं चालत न्हाई. ही खरं फुंकल."

थोरले दीर माझ्या नवऱ्याकडं वळले. नवऱ्यानं माझ्या खांद्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "तिला डगला मोठा व्हतोय."

त्याची परवानगी होती ती. त्याची सगळी परवानगी अशीच असायची.

क्लॅरनेट मागायला मलाच जावं लागलं. क्लॅरनेटवाल्याची म्हातारी दारात बसली होती. मी काय पाहिजे ते सांगितलं. तिनं आतून क्लॅरनेट आणलं, पुसलं नाही, तसंच दिलं. आणि मला नदीच्या पात्रात घेऊन गेली. तिनं स्वतः कधी फुंकलं नव्हतं, पण चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकलं होतं. "खालचा ओठ दातावर घे. वरचे दात नुसते टेकव, दाबू नको. पोटातून फुंक, गालातून न्हाई." दोन तास नुसती हवा निघाली. मग एक सूर निघाला, शेळीच्या पोरासारखा. म्हातारी म्हणाली, "ह्योच धर. दुसरा शोधू नको."

शुक्रवारी पहाटे मी दोन कोस लांबच्या झिऱ्यावर गेले आणि दोन घागरी पाणी आणलं. तेवढंच मिळालं. चाचांनी कोपर बुडवून बघितलं आणि रांजणात ओतायला लावलं. दहा माणसं आली. हा त्यांचा दुसरा खाडा होता. मी आत चाचींच्या खोलीत कपडे बदलले. चाचींनी काजळानं मला मिशी काढली आणि इतक्या हसल्या की एक बाजू जाड झाली. मी बाहेर आले तेव्हा माणसं आधी बघतच राहिली आणि मग बघेनाशी झाली. थोरल्या दिरांनी मान वळवली.

मग चाचांनी जे केलं ते मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. त्यांनी रांजणात तांब्या बुडवला आणि पहिला थोरल्या दिरांच्या हातात दिला. मग पुढच्याच्या. रांगेनं सगळ्यांना, आणि शेवटी मला.

मी म्हटलं, "चाचा, धुवायला उरनार न्हाई."

"आधी मानसं पितील. उरल त्यात धुवू."

आत चाची गप्प होत्या. तीस वर्षांत त्यांना बोलायला काही मिळालं नाही असा तो एकच दिवस असेल.

चाचांनी पेटी उघडली आणि शेवटची काच काढली. आम्ही तळ्यापुढं, हंसांपुढं उभे राहिलो. सगळ्यांना पान संपेपर्यंत उभं ठेवलं. मग ते कापडाखाली गेले आणि लगेच बाहेर आले. माझ्यापाशी आले.

"तू घाबरलीस. घाबरल्यालं फुंकू नको. तुला कोनी बघत न्हाई, सगळे लाजलेत."

हे खरं होतं. मला हसू आलं. चाचा म्हणाले, "हां, आता," आणि परत कापडाखाली गेले. बाजे सुरू झाले. नवऱ्याचा ढोल माझ्या पाठीमागून छातीत वाजत होता. मी खालचा ओठ दातावर घेतला आणि म्हातारीनं सांगितलेला सूर धरला. एक, दोन, तीन. तो बेसूर होता, पण खरा होता.

काच धुवायला रांजणात अर्धी घागर उरली होती. सात पाण्यांच्या जागी तीन पाणी झालं, कागदांना तर दोनच. चाचा म्हणाले, आज चांगला दिसेल, पुढं पिवळा पडेल. शनिवारी थोरल्या दिरांनी फोटो नेला. सेक्रेटरीनं बोट ठेवून मोजलं, अकरा भरले, काम मिळालं. पायाभरणीला दहाच जण गेले. अकरावा आजारी आहे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं आणि कोणी विचारलंही नाही. पाहुणे चार तास उशिरा आले, भाषणं झाली, दगड बसला. पण बँड राहिला. कारखाना झाला, दर वर्षी हंगामाची पहिली मोळी टाकायला, अध्यक्षांच्या वाढदिवसाला आमचीच माणसं जात. मुकादमानं दहाही जणांची नावं कापली होती, तरी आम्ही बँडवर निभावलो.

चाचांचं दुकान त्या शुक्रवारी बंद झालं. पाटी तशीच होती, पडदा तसाच होता, चाचा रोज येऊन बसत. कोणी आलं की पेटी उघडून रिकामी दाखवत आणि स्टँडजवळच्या दुकानाचा रस्ता सांगत. मी पाणी भरायला जात राहिले, दोन घागरी, प्यायला. मी एकदा म्हटलं, चाचा, सगळ्यांना खरं सांगते, हात तुमचा नव्हता. ते म्हणाले, "सांगून काय व्हनार? काच परत येनार हाय का? गप बस." पुढं तीन-चार वर्षांनी ते गेले. त्यांचा स्वतःचा फोटो नाही.

म्हातारीला त्यांनी एक प्रत दिली होती. तिच्या नवऱ्याचा फोटो नाही, पण त्याचा डगला आहे, त्याचं पागोटं आहे, त्याचं क्लॅरनेट आहे. ती फोटो हातात घेऊन बघायची तेव्हा माझ्या तोंडावर अंगठा ठेवायची. मी समोर असले तरी ठेवायची. "आता त्योच वाटतो," म्हणायची. मला कधी राग आला नाही.

माझी प्रत माझ्याजवळ आहे. चाचा म्हणाले होते तशी पिवळी पडली आहे, कडांकडून आत. हंस गेले, कारंजं गेलं, माणसं अजून दिसतात. सगळे समोर बघताहेत, थोरले दीर तेवढे उजवीकडं. पाणी मी प्यायला दिलं आणि काच मी बिघडवली, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण माहेरी पोचवणारं आता कोणी नाही. थोरले दीर गेले. ढोलवाला, म्हणजे माझा नवरा, गेला. ट्रंपेटवाले दोघे भाऊ एकाच वर्षी गेले. बाकीचे सहा एकेक करून गेले. डावीकडून चौथी, जाड्या मिशीची, क्लॅरनेट धरलेली, ती मी. मी जिवंत आहे.